हर्टर्सची पेटी: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५. मोजदाद

हिरव्या पत्र्याची, तीन खणांची पेटी. आत फ्लाय बांधण्याचं सामान. फ्लाय म्हणजे गळावर पीस, केस आणि दोरा गुंडाळून घेतलेलं किड्याचं किंवा चिमुकल्या माशाचं सोंग, ट्राउटला फसवायला. माल जवळजवळ सगळा एकाच घरचा. मिनेसोटातल्या वसीका गावची हर्टर्स कंपनी, टपालाने शिकारीचं, मासेमारीचं आणि रानावनात राहण्याचं सामान पाठवणारी.

ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज लेनर्ड हर्टर (१९११–१९९४) याने वडिलांच्या दुकानाच्या आधाराने १९३० च्या दशकात टपालधंदा सुरू केला. कॅटलॉगवर मात्र ‘१८९३ पासून’ असा शिक्का. बदकांची लाकडी सोंगं, बंदुका, काडतुसं भरण्याची यंत्रं, तंबू, होड्या, पिसं, गळ, स्वयंपाकाची भांडी, सगळं एका जाडजूड ठोकळ्यात छापलेलं. प्रत्येक वस्तू जगात सर्वोत्तम, आणि ती तशी का याचं परिच्छेदभर स्पष्टीकरण. मागवायचं काही नसलं तरी लोक तो ठोकळा दिवाळी अंकासारखा हिवाळाभर पुरवून वाचत. आज जुन्या हर्टर्सची आठवण निघते ती मालामुळे कमी आणि या वाचनामुळे जास्त.

पेटीत निघालेलं: व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) १, बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरून दोरा नळीतून सोडणारं औजार) २, हॅकल-पक्कड (पीस धरायची छोटी चिमटी) २, कात्री १, रेशमी दोऱ्याची रिळं ११, नायलॉनची ६, टिन्सेलची (चमकदार धातूच्या जरीची) कार्डं ८, कोंबड्याच्या मानेची वाळवलेली कातडी (धंद्यातला शब्द ‘केप’) ३, रानकोंबड्याची केप १, हरणाच्या शेपट्या २, वुड डक बदकाच्या कुशीची पिसं एक पाकीट, सीलची लोकर एक पुडी, ‘पोलर बेअर’ लिहिलेली पांढऱ्या केसांची एक पुडी, गळांची पाकिटं १४, रेशीमकिड्याच्या तातीचं एक वेटोळं, बाटल्या ५. तळाशी १९६० च्या दशकातला कॅटलॉग, मुखपृष्ठ गायब.

धोरण ठरलं: पेटी पुन्हा कामाला लावायची. जे वयामुळे किंवा कायद्यामुळे वापरता येणार नाही ते वेगळं, नावाची चिठ्ठी लावून शोकेसमध्ये. नवं सामान आणून ‘मूळचंच’ म्हणून बसवायचं नाही.

आजचा नियम एकच: काहीही हुंगायचं नाही, काहीही झटकायचं नाही. जुन्या कातड्यांवर आर्सेनिक असू शकतं. नायट्राइल हातमोजे, एन-९५ मास्क, खाली पांढरा कागद. घरगुती चाचणीपट्टीने चारही केपा तपासल्या, काही आलं नाही. तरी हातमोजे सुटले नाहीत. पट्टी फक्त आपण बोट ठेवलं तिथलं सांगते.

१२ जानेवारी. बाटल्या आणि कीड

पाच बाटल्यांपैकी तीन हेड-सिमेंटच्या (फ्लायच्या डोक्यावरचा दोरा पक्का करायचं लॅकर), आत सुकलेला पिवळा खडा. हे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. ॲसिटोन घालून पुन्हा पातळ होतं, पण एकदा दगड झालेलं लॅकर परत आणण्यात अर्थ नाही, चकाकी येत नाही आणि डोकं तडकतं. टाकाऊ. चौथीत पॅराफिन, ठीक.

पाचवीने काम थांबवलं. चपटी काचेची, झाकणाच्या आट्यांभोवती गर्द पिवळे स्फटिक, लेबल नाही. जुने लोक पिसांना पिवळा-ऑलिव्ह रंग द्यायला पिक्रिक आम्ल वापरत. ओलं असताना तो साधा रंग. कोरडं झालं की तो स्फोटक पदार्थ आहे, आणि आट्यांत अडकलेले स्फटिक झाकण फिरवताना घासले जातात. म्हणून: झाकणाला हात नाही, बाटली हलवायची नाही, पाणी घालायचा शहाणपणा करायचा नाही. पेटी होती तिथेच ठेवली, खोली बंद केली, काउंटीच्या घातक कचरा विभागाला फोन केला. त्यांची माणसं दुपारी येऊन घेऊन गेली. ती बाटली पिक्रिकचीच होती की साध्या रंगाची हे कळलं नाही तरी चालेल. जुनी पेटी विकत घेणाऱ्याने औजारांच्या आधी बाटल्या पाहाव्यात, एवढं मात्र पक्कं.

मग कीड. खणाच्या कोपऱ्यात तांदळाच्या कण्यांसारखा बारीक चुरा आणि केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती. एका केपला कसर लागलेली: पिसांच्या कडा कुरतडलेल्या, काही दांडे तळाशी कापलेले. कातीवरून पाहता कार्पेट बीटल. कपड्यांच्या कसरीच्या पतंगाने केलं असतं तर जाळं किंवा नळकांडी दिसली असती.

डांबराच्या गोळ्याही होत्या, दोन प्रकारच्या. इथे गफलत होते. नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझीन दिसायला सारखे, पण एकत्र ठेवले की एकमेकांत विरघळून तेलकट पाणी होतं आणि पिसांवर डाग पडतात. वर पॅराडायक्लोरोबेंझीन काही प्लास्टिक मऊ करतं. एका खणातली पारदर्शक डबी खाली चिकटली होती ती यामुळेच. ओळखायची रीत सोपी: मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात गोळी टाका. नॅफ्थलीन तरंगते, दुसरी बुडते. साध्या पाण्यात तरंगली तर कापूर. आमच्याकडे एक तरंगली, दोन बुडाल्या. तिन्ही बाहेर.

पिसं, केस, शेपट्या जाड झिप-पिशव्यांत हवा काढून बंद केल्या. घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर मिनेसोटाचा जानेवारी असताना फ्रीझर कशाला, हा प्रश्न येतोच. बाहेर रात्री उणे २५ आणि दुपारी उन्हात उणे ५ होतं. हळूहळू गार होणारे आणि मध्येच ऊब मिळणारे किडे थंडीला सरावतात. मारायचं तर तापमान झपकन खाली नेऊन तिथेच धरावं लागतं.

१८ जानेवारी. व्हाइस खोलला

पेटीतली मुख्य वस्तू. घराणं इलिनॉयच्या एल्जिन गावच्या थॉम्पसन ‘ए’ व्हाइसचं: टेबलाला कसायचा सी-क्लॅम्प, ३/८ इंची उभी दांडी, वर तिरपी नळी, नळीतून जाणारी जबड्याची दांडी आणि मागे कॅम-लिव्हर. लिव्हर दाबला की दांडी मागे ओढली जाते, चिरलेला जबडा नळीच्या निमुळत्या तोंडात शिरतो आणि मिटतो. गळाच्या जाडीनुसार जबड्याची जागा खाचेदार चकतीने आधी बसवायची. ही चकती न फिरवता लिव्हर रेटणं हे या जातीच्या व्हाइसचं मरण. एक तर जबड्याचं टोक उडतं, नाहीतर कॅमचं तोंड झिजतं.

आपल्या नगाची अवस्था: लिव्हर घट्ट, चकती जाम, निकेलचा मुलामा क्लॅम्पवर फुगलेला, जबड्यावर गंज. जबड्याच्या उजव्या पाकळीवर आतून केसाएवढी चर. वर्षानुवर्षं एकाच मापाचे गळ एकाच जागी धरले की ती पडते.

ॲसिटोन आणि गाडीच्या ट्रान्समिशनचं तेल निम्मं-निम्मं, थेंब-थेंब चकतीच्या दोन्ही कडांना. २४ तास. मिश्रण दर वेळी हलवून घ्यावं लागतं, दोन्ही नीट मिसळत नाहीत. चकतीला कातड्याची पट्टी गुंडाळून पक्कड. नुसती पक्कड लावली की नक्षीचे दात सपाट होतात आणि ती खूण कायम राहते.

ज्योत लावली नाही, लावायचीही नाही. जबडा पाणी दिलेलं पोलाद आहे. २०० अंशांच्या पुढे गेलं, पिवळसर छटा आली, की पाणी उतरायला लागतं. मऊ झालेला जबडा परत कडक करणं घरच्या टेबलावर होत नाही.

चकती रविवारी सकाळी सुटली, एक चतुर्थांश फेरा. मग पुढे-मागे, पुढे-मागे, तेल, पुन्हा. सरळ उघडत गेलं असतं तर आट्यांतला गंज चुऱ्यासारखा साचून पुन्हा जाम झालं असतं.

२० जानेवारी

गंज काढायला व्हिनेगर वापरलं नाही. क्लॅम्पसाठी चाललं असतं. जबड्यासाठी नाही: कडक पोलाद आम्लात ठेवलं की हायड्रोजन धातूत शिरतो आणि दांडी ठिसूळ होते. आज शाबूत दिसते, पुढच्या महिन्यात लिव्हर दाबताना तुटते. म्हणून आम्ल नसलेलं, गंजाला पकडून विरघळवणारं तयार द्रावण. खोलीच्या तापमानाला आठ तास, मध्ये दोनदा नायलॉनच्या ब्रशने घासणं. धुऊन लगेच हेअर-ड्रायर, लगेच तेल. दहा मिनिटांचा उशीर केला तरी पुन्हा तांबूस थर चढतो.

निकेल फुगलेलं आहे तिथे तारेचा ब्रश नाही. ‘००००’ नंबरची स्टील-वूल आणि तेल, तेही हलक्या हाताने. फुगलेला भाग निघून गेला, खालचं पोलाद उघडं राहिलं, त्यावर मेण. पुन्हा निकेल करून घेण्याचा मोह आवरला. चकचकीत केलेला जुना व्हाइस टेबलावर नव्यासारखा दिसतो आणि दुकानात त्याची किंमत कमी होते.

चर: १००० नंबरचा पॉलिश पेपर पातळ पितळी पट्टीला चिकटवून, जबडा उघडा ठेवून, फक्त आतल्या सपाट भागावर आठ-दहा हात. चर पूर्ण घालवली तर दोन पाकळ्यांची उंची बिघडते. कडा बोथट झाल्या, गळाला ओरखडा येत नाही, एवढ्यावर थांबलो. कॅमच्या तोंडावर जरासं लिथियम ग्रीस. नळीत शिवणयंत्राचं तेल. जबड्याच्या आत तेल अजिबात नाही, नाहीतर गळ फिरतो.

चाचणी: १० नंबरचा गळ धरून त्याच्या डोळ्याजवळ (दोरी ओवायच्या कडीजवळ) बोटाने छेडला. टण्ण. म्हणजे पकड आहे. ढिला असेल तर आवाज मेलेला येतो.

२५ जानेवारी. बारीक औजारं

कात्री: फक्त बाहेरचा उतार ६०० नंबरवर. आतला चेहरा पोकळ घासलेला असतो, तो सपाट केला की पाती मध्येच चिकटतात आणि टोकं कापत नाहीत. स्क्रू अर्धा फेरा कसला.

बॉबिन: दोन्हींच्या नळ्या दोरा कापतात. नळीच्या तोंडाची आतली धार हेच कारण. जाड सुती दोऱ्याला मेटल पॉलिश लावून नळीत ओवला आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखा चालवला, तोंडाच्या चारही बाजूंना झुकवत, प्रत्येकी पाच मिनिटं. एक सुधारली. दुसरीच्या तोंडाला चीर आहे, शोकेस.

हॅकल-पक्कड: एक पीस सोडते, एक पीस तोडते. सोडणारीला ३ मिमीची हीट-श्रिंक नळी एका ओठावर. तोडणारीच्या कडा पॉलिश पेपरने गोल.

२६ जानेवारी

पिशव्या फ्रीझरबाहेर. न उघडता दोन दिवस खोलीत. लगेच उघडल्या तर दमट हवेचं पाणी पिसांवर धरतं. २८ तारखेला पुन्हा आत, दुसरी फेरी ११ फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या फेरीत वाचलेली अंडी मधल्या उबेत उघडतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात.

१ फेब्रुवारी. दोरा, टिन्सेल, तात

रेशीम उजेडाने मरतं. रीळ बाहेरून पाहून कळत नाही. १५ सेंटीमीटर तुकडा दोन्ही हातांत धरून हळू ताणायचा. ताजं रेशीम जरा लांबतं आणि चटकन तुटतं. मेलेलं कुजबुजत सुटतं, टोकाला कापूस होतो. अकरा रिळांपैकी चार पूर्ण गेलेली. पाचांचे वरचे तीनेक मीटर काढून टाकल्यावर आतला दोरा चांगला लागला. दोन जशीच्या तशी उत्तम, कारण ती कागदी डबीत होती. नायलॉन सहाही ठीक, फक्त गुंडाळी कडक.

रबर बँडांचा चिकट डांबर झालेला. त्यातल्या गंधकाने शेजारच्या टिन्सेलला काळं केलं. जुनी टिन्सेल खऱ्या धातूची, तांब्यावर चांदीचा मुलामा. चांदी साफ करायची पूड लावली तर मुलामाच जातो. मऊ चामड्याच्या घडीत धरून कार्डावरून एकदाच, ओढत. आठपैकी तीन चंदेरी झाली, दोन जुन्या पैंजणासारखी करडी, तीन काळी. करडी टाकू नका, गढूळ पाण्यात तीच बरी दिसते. रबराचा चिकटा काढायला कार्ड पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये, मग लाकडी काडीने टवके.

रेशीमकिड्याची तात स्पेनच्या मुर्सिया भागातून जगभर जायची. नायलॉन येण्याआधी गळाजवळची पारदर्शक दोरी हीच. कोरडी वाकवली की काच. भिजवून वापरण्याइतकीही ताकद उरलेली नाही. शोकेस.

१५ फेब्रुवारी. पिसं

पिशव्या उघडल्या. जिवंत काही नाही. पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवून चुरा पडतो का पाहायचं.

कोंबड्याच्या तीन केपांपैकी कसर लागलेलीतून फक्त वरची लांब पिसं वाचली, ती उपटून लिफाफ्यात. बाकी दोन कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून फक्त पिसांच्या बाजूने धुतल्या. कातडं भिजलं की वाळताना आखडतं आणि फाटतं. पुठ्ठ्यावर टाचण्या लावून पंख्याखाली दोन दिवस. दुमडलेली पिसं किटलीच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरली की दांडा सरळ होतो.

हरणाच्या एका शेपटीत हाड तसंच होतं. चरबी जुनी होऊन मेणचट पिवळी. हाड चिरून काढलं, आतून खरवडलं, बोरॅक्स चोळला. केस पिवळट झाले होते, पण त्या शेपटीला आधीच पिवळा रंग दिलेला, त्यामुळे फरक पडत नाही.

आता रानकोंबडा. कॅटलॉगातलं ‘जंगल कॉक’ म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. नराच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे, मिन्याच्या कामासारखे चमकणारे पांढरे-पिवळे ठिपके असतात. फ्लायच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका लावला की माशाचा डोळा होतो. सामन मासा डोळ्यावर येतो असं मानतात आणि जुन्या सामन-फ्लाय बांधायच्या कृतींत हे पीस ठायी ठायी आहे. पश्चिम घाटात पहाटे आरवणारा हा कोंबडा एकेकाळी अमेरिकी टपालखात्यातून पाकिटं भरभरून फिरत होता. भारतात तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला, आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या करारात बांधला गेला. आज कायदेशीर मिळणारी पिसं पाळलेल्या कोंबड्यांची, आणि ती सोन्याच्या भावाने.

आपली केप अर्धी वापरलेली. मधल्या रांगांतली लहान पिसं नाहीत, म्हणजे वापरणारा लहान फ्लाय बांधायचा. उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिपक्यांना मधोमध चीर. हा रोग या पिसाला हमखास होतो, ठिपका कडक आणि दांडा लवचीक म्हणून. उपाय: मागच्या बाजूने लवचीक सिमेंटचा सुईच्या टोकाएवढा थेंब, अंगठा आणि तर्जनीत धरून टोकाकडे एकदा ओढायचं, चीर मिटते. थेंब पुढून लावला तर चमक मरते. बारा पिसं जोडली. ती बाजूला, केप शोकेसमध्ये. कागदपत्रांवाचून ही केप विकायची किंवा भारतात परत न्यायची कल्पनाही नको.

सीलची लोकर आणि पांढऱ्या अस्वलाचे केस: अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदाही १९७२ चाच. पुड्या त्याआधीच्या वाटतात, पण वाटणं हा पुरावा नव्हे. विक्री नाही, वापर नाही, चिठ्ठी लावून शोकेस. सीलच्या लोकरीची जी ठिणगीसारखी चमक होती ती आज शेळीच्या मोहेर लोकरीने किंवा चमकदार कृत्रिम धाग्याने भागवतात. जवळ जाते, तीच येत नाही.

वुड डकची पिसं चालतात. परवान्याने शिकार केलेल्या बदक-हंसांची पिसं फ्लाय बांधायला वापरायची मुभा अमेरिकी नियमांत आहे. रॉबिन, ब्लू जे यांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांचं एखादं पडलेलं पीससुद्धा चालत नाही, तो १९१८ चा कायदा.

दोन देशांत एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांनी ही पेटी मधोमध कापली आहे. हर्टर्सचा धंदा खालावला त्याची कारणं लोक आणखी सांगतात. २२ ऑक्टोबर १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला टपालाने बंदूक पाठवणं बंद झालं, आणि बंदुका हा या कॅटलॉगचा मोठा खांब होता. पुढे दिवाळं निघालं. नाव मात्र विकलं गेलं आणि आज ते कबेलाज या शिकार-मासेमारीच्या दुकानसाखळीच्या काडतुसांच्या खोक्यांवर दिसतं.

२२ फेब्रुवारी. गळ

चौदा पाकिटं. मेणकागदातले कोरे. प्रत्येक पाकिटातले तीन गळ नमुना म्हणून. आधी डोळा: गंज डोळ्याच्या आत आणि बार्बच्या (टोकाजवळच्या उलट्या काट्याच्या) मुळाशी लपतो, बाकी गळ झळझळीत असतो. दहापट भिंगाने पाहायचं. मग व्हाइसमध्ये धरून अंगठ्याच्या नखाने टोक छेडायचं. चांगला गळ टणकतो आणि जागेवर येतो. वाकून राहिला तर पाणी मऊ, तुटला तर ठिसूळ. नऊ पाकिटं उत्तीर्ण, तीन गंजाने बाद, दोन ठिसूळ. ठिसूळ गळावर सुंदर फ्लाय बांधण्यासारखी फसवणूक नाही, ती मासा लागल्यावरच उघडी पडते.

मापाचा घोळ: जुन्या पाकिटांवरचे नंबर आजच्याशी जुळतीलच असं नाही. पट्टी ठेवून दांड्याची लांबी मिलिमीटरमध्ये पाकिटावर पेन्सिलीने लिहिली.

१ मार्च. कॅटलॉग

कागद स्वस्तातला, आम्लधर्मी, कडेला चहाच्या रंगाचा. पाठ गोंदाची, गोंद काचेसारखा. उघडताना १०० अंशांच्या पुढे न्यायचं नाही, दोन्ही बाजूंना फोमची पाचर. सपाट स्कॅनरवर उलटा दाबला असता तर तो दोन फेऱ्यांत पत्त्यांचा जोड झाला असता. म्हणून वरून कॅमेरा, दोन दिवे ४५ अंशांत, मागच्या छपाईचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून पानामागे काळा कागद. ४०० डीपीआयच्या जवळपास. तासाला ऐंशी पानं होतात, घाई केली की कोपरे मोडतात.

फाटलेल्या सत्तावीस पानांना पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ. खळ पातळ, ताकासारखी, आणि अगदी थोडी. जास्त पाणी गेलं तर कडेला तपकिरी ओहोळ उमटतो. वर पॉलिएस्टरची जाळी, टिपकागद, काच, दोन तास वजन. जुनी पारदर्शक चिकटपट्टी दोन ठिकाणी होती. वरचं प्लास्टिक निघालं, गोंदाचा डाग कागदात उतरलेला, तो तसाच राहणार.

फ्लायच्या विभागात एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी. व्हाइसच्या चित्राच्या समासात पेन्सिलीने बेरीज: वस्तूची किंमत, टपालखर्च, खाली रेघ, बेरीज खोडलेली, पुन्हा कमी आकड्याची बेरीज. खोडलेली ओळ दुसऱ्या, महाग व्हाइसची. ही बेरीज स्कॅनमध्ये ठळक यावी म्हणून त्या पानाचा एक फोटो आडव्या उजेडात घेतला, पेन्सिलीची चकाकी वर आली.

हर्टरच्या मजकुराबद्दल एक मत नोंदवून ठेवतो. बढाई अफाट. स्पर्धकांचा माल निकामी, आपला अजोड, हा सूर पानोपानी. इतिहासही सोयीचा. १९६० मध्ये त्याने बायकोसोबत काढलेल्या पाककृतींच्या ‘बुल कुक’ या पुस्तकातही तोच थाट आहे. पण बढाईच्या मध्ये गळाची तार किती जाड, पीस कुठल्या रांगेतलं घ्यायचं, मेण कधी लावायचं हेही येतं, आणि ते बरोबर असतं. आजच्या विक्रीच्या पानांवर पाच तारे असतात आणि तारेची जाडी नसते. गंमत म्हणून ज्यांना हा कॅटलॉग हवा ते हसतात. कामासाठी वाचणाऱ्याने विशेषणं गाळून आकडे घ्यावेत.

८ मार्च. चाचणी

पेटी चालते का हे पाहायला ‘मिकी फिन’ नावाची फ्लाय निवडली. कारण साधं: तिला टिन्सेल, हरणाच्या शेपटीचे केस, दोरा आणि लांब दांड्याचा गळ लागतो. कायद्याने अडलेलं एकही पीस नाही, आणि व्हाइस, बॉबिन, कात्री तिन्हींची परीक्षा होते.

गळ ८ नंबर, दांडा ‘६एक्स लाँग’, म्हणजे नेहमीपेक्षा बराच लांब. काळा रेशमी दोरा, मेण लावून. अंगाला चपटी चंदेरी टिन्सेल, वर अंडाकृती टिन्सेलचे पाच वेढे. पंख तीन थरांचा: खाली पिवळे केस, मध्ये तेवढेच लाल, वर दोन्हींच्या बेरजेइतके पिवळे. प्रमाण चुकतं ते नेहमी इथेच. खालचा थर जाड घेतला की लाल पट्टा हरवतो आणि डोकं बटाट्याएवढं होतं. काडीपेटीच्या काडीइतका जुडगा म्हणजे खालच्या थराला पुरे.

पहिली: दोरा बॉबिनपाशी तुटला. नळीचं तोंड अजून कापतंय. पुन्हा पॉलिशचा दोरा, आणखी दहा मिनिटं.

दुसरी: केस सरकले, पंख गळाच्या पोटाकडे गेला. जबड्याची चूक नाही. शेपटी धुतली तरी मुळाशी चरबी होती. जुडगा खडूच्या पुडीत बुडवून, झटकून, बुंध्याला सिमेंटचा थेंब देऊन बांधला, मग हलला नाही.

तिसरी: नीट. लिव्हर एका बोटाने दबतो, गळ जागचा हलत नाही, सोडल्यावर दांड्यावर ओरखडा नाही. चौथीला जोडलेल्या रानकोंबड्याच्या पिसांचे दोन डोळे लावले आणि ती शोकेसमध्ये केपच्या शेजारी टाचली. पाण्यात ती जाणार नाही.

राहिलेलं काम: दुसऱ्या बॉबिनची चिरलेली नळी कापून नवीन बसवता येते का पाहणं, पेटीच्या बिजागरीचा एक रिव्हेट, आणि कॅटलॉगसाठी आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी. माप २८ × २२ × ५ सेंटीमीटर, झाकण वरून उचलायचं, फडफडणारं नको.

१५ मार्च

कागदावर नवा चुरा नाही. पिसं परत खणात. डांबराची गोळी नाही, देवदाराचा तुकडा नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, आणि दर सप्टेंबरला एकदा भिंग.